शहरातील गरिबांची घरे आणि शेतकऱ्याचा रुपया

(फुलंब्री येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत दिलेले व्याख्यान. सभेस येऊ न शकलेल्या वाचकांकरिता ते येथे संपूर्ण देत आहोत.)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. शहरातील गरिबांची सरकारी घरे हा विषय मुंबईच्या कामगारांपुढे मांडावयाचा. फुलंब्रीच्या शेतकऱ्यापुढे त्याचे काय प्रयोजन, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे आहे की, शहरातील गरीब म्हणून ज्याला म्हणतात तो काही आकाशातून पडलेला नाही. तो आपलाच मुलगा आहे, आपलाच भाऊ आहे, आपलीच परणून दिलेली लेक आहे. दोन एकरांत चार भावांचे पोट भरेना म्हणून एक वाळूजच्या कारखान्यात गेला, एक चिकलठाण्यात गेला, एक पुण्यास गेला. तो तेथे कोठे राहतो, किती भाडे भरतो, त्याची बायको पाण्यासाठी किती वेळ उभी राहते, हे आपण कधी पाहिले आहे काय? महिन्याच्या पगारातून घरमालकाचे देणे आधी निघते, मग किराणा दुकानदाराचे, आणि उरले तर आईबापांना येते. म्हणजे शहरातील खोलीचे भाडे वाढले की फुलंब्रीच्या घरातील चूल मंद होते. हा हिशेब जो समजला त्याला हा विषय परका वाटणार नाही.

दुसरे कारण याहून मोठे आहे. गरिबांकरिता सरकारने घरे बांधली की, जणू कोणी दानधर्म केला असा बोलबाला होतो. फोटो निघतात, हारतुरे होतात, आणि घर मिळणारा हात जोडून उभा राहतो. मंडळी, ही समजूत अगदी खोटी आहे. ही घरे कोणाच्या पैशाने बांधली, कोणाच्या जमिनीवर बांधली आणि ती जमीन पुढे कोणाच्या हाती राहिली, हे तीन प्रश्न विचारा, म्हणजे दाता कोण आणि याचक कोण याचा उलगडा होईल. तोच उलगडा आज मुंबईच्या व आपल्या शेजारच्या शहराच्या इतिहासावरून करावयाचा आहे.

प्रथम मुंबईकडे पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या वेळी गिरणीतील मजूर कसे राहत होते? एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे. दिवसपाळीचे लोक उठले की त्यांच्याच जागी रातपाळीचे लोक अंग टाकीत. उजेड नाही, वारा नाही, मोरीचे पाणी दारातून वाहते. अशा जागेत रोग शिरला म्हणजे तो माणसे मोजून थोडाच नेतो! आपल्या चळवळीची दोन माणसे या प्लेगाने नेली. ज्यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची पहिली संघटना उभी केली, 'दीनबंधु' पत्र चालविले, आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, ते नारायण मेघाजी लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. मालकांचे बंगले मलबार टेकडीवर हवेशीर होते. मजुरांच्या वस्त्यांत मात्र प्रेतांची रांग लागली.

मजूर मेले यापेक्षा मजूर शहर सोडून पळाले, गिरण्या बंद पडू लागल्या आणि परदेशी बंदरे मुंबईच्या मालाला दारे लावू लागली, याची सरकारला चिंता पडली. म्हणून १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाचे खाते निघाले. दाट वस्त्या पाडाव्या, रुंद रस्ते काढावे आणि उठविलेल्या लोकांकरिता चाळी बांधाव्या, असे त्याचे काम ठरले. पाडण्याचे काम झपाट्याने झाले. बांधण्याचे काम मागे रेंगाळले. ज्याची खोली पडली तो शेजारच्या गल्लीतील आधीच भरलेल्या चाळीत शिरला आणि तेथली दाटी वाढली. रस्ता रुंद झाला; त्यावरून साहेबाची गाडी नीट जाऊ लागली.

तथापि, या ट्रस्टच्या चाळींची एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना विलायतेहून शिकून आल्यावर १९१७ साली बडोद्यात, सरकारी नोकरी असूनही, राहावयास जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत उतरले तर जात कळताच लाठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना तेथून निघावे लागले. असल्या विद्वानाला आसरा कोठे मिळाला? परळच्या ट्रस्टच्या चाळीत. वडील सुभेदार रामजी यांनी घेतलेल्या त्या दोन खोल्यांत त्यांचा संसार व अभ्यास चालला, आणि १९३४ साली दादरला 'राजगृह' होईपर्यंत ते तेथेच होते. खासगी घरमालक भाडेकरूचे आडनाव विचारतो, मग खोली दाखवितो. सरकारी चाळीत भाडे भरणारा हा भाडेकरू, एवढाच हिशेब असावयास पाहिजे. शहरात जाऊन जातीच्या नावाने दार बंद झालेले तरुण आजही या सभेत बसले असतील. सार्वजनिक घरांची किंमत त्यांना अधिक सांगावयास नको.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पहिले महायुद्ध संपले तेव्हा मुंबईत घरांची विलक्षण टंचाई होती. भाडी इतकी चढली की १९१८ साली सरकारला भाडे-नियंत्रणाचा कायदा करावा लागला. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. त्याच्याच आद्याक्षरांवरून 'बीडीडी चाळी' हे नाव पडले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. पैसा कोठून आणावयाचा? गिरणीमालकांच्या युद्धातील नफ्यावर हात टाकला काय? नाही. मुंबई शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया जकात बसविली!

शेतकरी बंधूंनो, हा रुपया नीट लक्षात ठेवा. व्यापारी ही जकात आपल्या खिशातून भरतो काय? तो ती कापसाच्या भावातून कापून घेतो. आणि मुंबईत येणारा कापूस कोठला? खानदेशचा, वऱ्हाडचा, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून आपल्याकडे आगगाडी आल्यावर या निजामी मुलखातलाही. ज्या आजोबाने मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नाही, त्याच्या कापसाने वरळीच्या चाळीला हातभार लावला. निजाम सरकारच्या राज्यातही याहून निराळे नव्हते. मुसा नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर हैदराबाद शहराकरिता १९१२ साली सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले व त्याने गरिबांकरिता काही घरे बांधली. राज्याची तिजोरी मुख्यतः कोणाच्या साऱ्याने भरत होती? खेड्यातील रयतेच्या. शहराचे घर खेड्याच्या घामावर उभे राहते, हा नियम दोन्ही राज्यांत एकच.

रुपया घेतला तो घेतला. काम तरी धड झाले काय? पन्नास हजारांचा संकल्प होता. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या आणि त्यांत सुमारे साडेसोळा हजार खोल्या. वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडवर ३२ आणि शिवडीस १२. म्हणजे संकल्पाच्या एक तृतीयांश. त्याच खात्याने समुद्र बुजवून श्रीमंतांकरिता जमीन काढण्याचा बॅक-बेचा उद्योग हाती घेतला होता. त्यात इतका पैसा बुडाला की लोक त्याला लॉइड साहेबाचा वेडेपणा म्हणू लागले. नरिमन यांनी त्यातील भानगडी चव्हाट्यावर आणल्या. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि १९२८ साली नरिमन निर्दोष सुटले. एका जागरूक माणसाने हिशेब मागितला म्हणून एवढे तरी जगाला कळले.

आता खोली कशी होती ती ऐका. एकशेसाठ चौरस फूट. आपल्या बैलांच्या गोठ्याशी मनात ताडून पाहा. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, शौचकूप सर्वांना मिळून. सिमेंट काँक्रीटचे बांधकाम भक्कम, पण राहणाऱ्याची सोय कोणाला विचारून केलेली नाही. वरळीच्या चाळी उभ्या राहिल्या तेव्हा जवळ बाजार नाही, रस्त्यात दिवे नाहीत, गिरणीत जाण्यास वाहन नाही. खर्च भागेल असे भाडे ठेवावे तर ते गिरणीकामगाराच्या पगाराला झेपेना. परिणाम असा झाला की, एकीकडे मजूर दाटीत गुदमरत होते आणि दुसरीकडे सरकारच्या हजारो खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या होत्या! शेवटी भाडी उतरवावी लागली. कायदेभंगाच्या चळवळीत याच वरळीच्या चाळींचा सरकारने तुरुंग म्हणून उपयोग केला. मजुराच्या घराचा आणि कैद्याच्या कोठडीचा नमुना एकच निघाला, यावरून बांधणाऱ्याच्या मनात मजुराची किंमत काय होती ते उमगते.

घर असे वर बसून, नकाशा काढून होत नाही. त्या खोल्यांचे घर केले ते राहणाऱ्यांनी. कोकणातून, घाटावरून आलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी करून गावाची म्हणून खोली धरली. नवा मुलगा नोकरी शोधावयास आला की त्याचे अंथरूण तेथे पडे. बायाबापड्यांनी खानावळी चालविल्या. स्वतःचे पोट भरले आणि परगावच्या शेकडो एकट्या कामगारांना भाकरी दिली. व्यायामशाळा निघाल्या, वाचनालये निघाली, भजनी मंडळे निघाली, संपाच्या सभा चाळींच्या मधल्या मैदानांत झाल्या. पण हेही सांगितले पाहिजे की, १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत जातीची दंगल पेटली. एकाच नळावर पाणी भरणारे एकमेकांवर दगड फेकू लागले. त्यात मालकाचे काही गेले नाही. मेले आणि जखमी झाले ते कामकरीच.

ज्या वर्षांत मुंबईत हे चालले होते त्याच वर्षांत युरोपात ऑस्ट्रिया देशाच्या व्हिएन्ना शहरात काय झाले, ते तुलनेकरिता सांगतो. युद्धात हरलेले, उपासमार झालेले ते शहर. तेथे कामगारांच्या पक्षाकडे नगरपालिका आली. त्यांनीही घरांकरिता कर बसविला, परंतु तो चढता होता. मोठ्या वाड्यात राहणाऱ्यावर भारी, लहान खोलीत राहणाऱ्यावर नाममात्र. शिवाय चैनीच्या वस्तूंवर, नोकरचाकर ठेवण्यावर कर. १९२३ पासून १९३४ पर्यंत त्या शहराने साठ हजारांच्या वर घरे बांधली. कामगाराच्या मिळकतीचा अगदी लहानसा हिस्सा भाड्यात जाई. चौकात बाग, कपडे धुण्याची जागा, बालवाडी, दवाखाना, वाचनालय. १९३० साली उघडलेल्या कार्ल मार्क्स-होफ या एका इमारतीत चौदाशेच्या जवळपास बिऱ्हाडे आहेत, आणि आजही तेथे लोक नांदत आहेत. घरे बांधल्यावर नगरपालिकेने ती विकून टाकली नाहीत. म्हणून त्या शहरातील निम्म्याच्या आसपास लोक आजही नगरपालिकेच्या वा सरकारी साहाय्याच्या घरांत राहतात. येथे कर कापसाच्या गासडीवर, तेथे कर वाड्यावर. येथे राहणाऱ्याला विचारले नाही, तेथे राहणाऱ्यांचेच राज्य. फरक पडला तो येथे.

स्वराज्य आल्यावर काय झाले ते आता थोडक्यात. १९४८ साली मुंबई गृहनिर्माण मंडळ झाले. १९७७ साली निरनिराळी मंडळे एकत्र करून म्हाडा झाली. कामे झाली नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. हजारो कामगारांना व कारकुनांना त्यांतून घरे मिळाली. पण शहरात माणसे ज्या वेगाने आली त्या वेगाने घरे झाली नाहीत, आणि उरलेल्यांनी झोपडी घातली. १९९५ सालापासून झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली. तीत बिल्डराने झोपडीवाल्याला फुकट घर द्यावे आणि त्याच्या बदल्यात उरलेल्या जागेवर विक्रीची घरे बांधावी असा व्यवहार आहे. फुकट हा शब्द ऐकला की आपण भुलतो. अहो, ती जमीन पुष्कळदा सरकारची, म्हणजे तुमची आमची! आवळा देऊन कोहळा काढण्यातलाच हा प्रकार.

यापुढे मी जे दोन दाखले देणार आहे त्यांकडे विशेष लक्ष द्या, कारण आजच्या सगळ्या बोलण्याचे सार त्यांत आहे.

पहिला दाखला गिरणीकामगारांचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत मोठा संप झाला. त्यानंतर एकेक करून गिरण्या बंद पडल्या आणि घाटावरचे व कोकणातले लाखो संसार उघडे पडले. गिरण्यांची जमीन सोन्याच्या भावाची. १९९१ साली नियम झाला की, गिरणीची जमीन विकावयाची तर तिचे तीन वाटे व्हावेत. एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक गरिबांच्या घरांना, एक मालकाला. हा नियम पुरता अमलात येण्याआधीच २००१ साली त्यात बदल झाला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जागेची करावी असे ठरले. इमारतींखालची सारी जमीन मालकाकडे राहिली. २००६ साली वरिष्ठ न्यायालयानेही तो बदल कायम केला. परिणाम काय? दीड लाखांहून अधिक कामगारांनी व त्यांच्या वारसांनी घराकरिता अर्ज केले; पंचवीस-तीस वर्षांच्या झगड्यानंतर घरे लाभली ती थोड्या हजारांना. उरलेल्यांना मुंबईबाहेर, शेलू व वांगणी येथे घरे घ्या असे सांगण्यात आले. २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार व त्यांच्या विधवा पावसात आझाद मैदानावर मुंबईतच घर मागत बसल्या होत्या. त्यांच्या जुन्या गिरणीच्या जागेवर आज काचेचे मनोरे उभे आहेत.

दुसरा दाखला त्याच बीडीडी चाळींचा. शंभर वर्षांत त्या जीर्ण झाल्या. पण त्यांची जमीन कोणाला विकलेली नव्हती. ती सरकारचीच राहिली. रहिवासी संघटित राहिले, मोर्चे काढले, कोणत्याही बिल्डराच्या आमिषाने फुटून गेले नाहीत. २०१७ साली पुनर्बांधणीचे भूमिपूजन झाले; काम म्हाडाने करावयाचे ठरले. वरळी, नायगाव व डिलाइल रोड, ज्याला आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात, येथील भाडेकरूंना त्याच जागी पाचशे चौरस फुटांचे मालकीचे घर द्यावयाचे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना पहिल्या किल्ल्या मिळाल्या. ज्याचा आजा एकशेसाठ फुटांत राहिला तो नातू त्याच मातीवर पाचशे फुटांत गेला.

दोन्ही ठिकाणी माणसे एकाच तऱ्हेची, एकाच गिरणीतली, पुष्कळदा एकाच गावची. एकाला वरळीस घर आणि दुसऱ्याला शेलूचा रस्ता, असे का झाले? एकाच्या पायाखालची जमीन लोकांची राहिली, दुसऱ्याच्या पायाखालची मालकाची झाली. जमीन लोकांच्या हाती असेल तर चाळ पडली तरी घर उठत नाही. जमीन गेली की कायद्याची दहा कलमे तुमच्या बाजूने असली तरी ती एकेक करून गळून पडतात. शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावयास पाहिजे काय? सातबाऱ्यावरून नाव गेले की बांधावर उभे राहण्याचा हक्क राहत नाही, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो.

आता घराजवळ या. आपल्या फुलंब्रीपासून छत्रपती संभाजीनगर आठ-नऊ कोसांवर. १९७०च्या दशकात तेथे सिडकोने नवे शहर वसविले. मुकुंदवाडी, चिकलठाणा अशा आसपासच्या गावांची शेतजमीन त्यात गेली. एन-१, एन-२ अशी नावे पडलेल्या त्या वसाहतींत अल्प उत्पन्नाच्या लोकांकरिताही हजारो लहान घरे बांधली गेली. खोली लहान, पण रस्ता, नळ, गटार, शाळा आधी आखलेले. आज आपल्या भागातील कितीतरी शिक्षक, कारागीर, कारखान्यातील कामगार यांची मुले त्या घरांतून शिकून मोठी झाली. सार्वजनिक घर म्हणजे काय करू शकते याचा हा आपल्या डोळ्यांसमोरचा पुरावा आहे.

पण तसे बांधणे पुढे मंदावले आणि त्या पोकळीत दलाल शिरला. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून, वीस बाय तीसचा प्लॉट बाँडपेपरवर लिहून देऊन, आपल्याच लोकांना विकण्याचा धंदा जोरात चालला. शहराभोवती अशा शंभरांवर गुंठेवारी वसाहती झाल्या. घेणारा कोण? गावाकडची एकर-दोन एकर विकून, बायकोचे दागिने मोडून आलेला शेतकऱ्याचा मुलगा. नकाशा नाही, रस्ता नाही, गटार नाही, पाणी टँकरचे. २००१ साली राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, २०२१ साली त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामे त्यात घेतली. पण त्यासाठी पुन्हा शुल्क भरणे आले. म्हणजे जमिनीचे दाम एकदा दलालाला, दुसऱ्यांदा नगरपालिकेला. आणि २०२५ साली शहरातील रस्ते रुंद होताना किती बांधकामांवर यंत्र फिरले ते येथून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिलेच आहे. घर पाहावे बांधून म्हणतात. पण ज्या कागदावर ते बांधले तो कागद आधी पाहावा!

२०१५ साली मध्यवर्ती सरकारची प्रधानमंत्री आवास योजना आली. २०२२ पर्यंत सर्वांना घर, असे तिचे वचन होते. संभाजीनगरात हर्सूल, पडेगाव, तिसगाव, सुंदरवाडी अशा ठिकाणच्या जमिनींवर हजारो घरांचा मोठा बेत ठरला. वर्षे गेली, घर उभे राहीना. पुढे २०२३ साली उघडकीस आले की, निरनिराळ्या नावांनी भरलेल्या निविदा एकाच संगणकाच्या पत्त्यावरून भरल्या गेल्याचा संशय आहे. महानगरपालिकेनेच पोलिसांत फिर्याद दिली, ईडीने छापे घातले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. ते आपले काम नव्हे. आपले काम एवढेच पाहणे की, या सगळ्यात ज्याने अर्ज भरला होता तो कामगार भाड्याच्या खोलीतच राहिला, आणि नव्याने निविदा काढीपर्यंत त्याची आणखी वर्षे गेली. १९२०च्या खात्याच्या कारभारावर नरिमन होता. आपल्यावर पाळत ठेवणारा आपणच झाले पाहिजे.

तर मंडळी, करावयाचे काय? नुसते रडून भागत नाही. मी काही गोष्टी सांगतो, त्या घरी जाऊन बोला.

पहिली गोष्ट विद्येची. घराचा अर्ज दलालाकडून भरू नका. म्हाडाची सोडत असो वा आवास योजना असो, अर्ज संगणकावर स्वतः भरता येतो. गावातील शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून एक संध्याकाळ मंदिरात वा शाळेत बसून ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज भरावे. आधार, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, बँकेचे पुस्तक ही कागदे एका पिशवीत नीट ठेवावी. जोतीराव विद्येवाचून काय काय गेले ते सांगून गेले. आज त्या यादीत घर घाला.

दुसरी गोष्ट नियमांची. आवास योजनेत कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे अशी अट आहे. म्हणून चार भावांचे घर एकाच्या नावावर पडून राहिले असेल तर वाटणी वेळेवर करून घ्या. नाहीतर तोच भाऊ शहरात नालायक ठरतो. तसेच, दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्याने वीस टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटाकरिता ठेवावीत असा २०१३ पासून नियम आहे, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून मिळतात. हा नियम आपल्या मुलांपैकी कितीजणांना ठाऊक आहे?

तिसरी गोष्ट मायभगिनींची. आवास योजनेचे घर कुटुंबातील स्त्रीच्या नावे किंवा दोघांच्या नावे असावे असा नियमच आहे. त्यात पुरुषाने कमीपणा मानू नये. व्यसनाच्या भरात, कर्जाच्या भरात घर विकले जाते ते बहुधा एकट्या पुरुषाच्या सहीने. सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्याने घराच्या कागदावर बायकोचे नाव घालताना हात आखडू नये.

चौथी गोष्ट विक्रीची. मिळालेले घर चार पैसे येतात म्हणून विकू नका. एकदा विकले की पुन्हा योजना नाही, आणि मुले पुन्हा भाड्याच्या खोलीत.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती थेट फुलंब्रीची आहे. आपले गाव आता नगरपंचायत झाले आहे. अजिंठ्याकडे जाणारा मोठा रस्ता येथून जातो. जमिनीचे भाव चढत आहेत. शहर इकडे सरकत आहे. उद्या येथेही बाहेरून मजूर येतील आणि आपलेच भूमिहीन लोक जागा शोधतील. तेव्हा गावाची गायराने, गावठाणातील मोकळ्या जागा, सरकारी पड यांची यादी आजच करा. तलाठ्याकडून उतारे काढा. विकास आराखडा पुढे येईल तेव्हा गरिबांच्या घरांकरिता जागा राखून ठेवा अशी लेखी हरकत व सूचना शेकडोंनी द्या. मुंबईच्या गिरणीकामगारांनी जमीन गेल्यावर पंचवीस वर्षे मोर्चे काढले. आपल्याला जमीन जाण्यापूर्वी एक अर्ज लिहावयाचा आहे. कोणते सोपे?

आणि हे सर्व जातीजातीने फुटून होणार नाही. मराठ्याची यादी वेगळी, माळ्याची वेगळी, बौद्ध वस्तीची वेगळी, मुसलमान मोहल्ल्याची वेगळी, असे केले की दलालाला चार दारे मिळतात. वरळीच्या चाळींत भांडले तेव्हा सर्वांचे नुकसान झाले. एकत्र राहिले तेव्हा घर मिळाले. दोन्ही गोष्टी एकाच चाळीतल्या आहेत.

शेवटी एकच सांगून आपली रजा घेतो. शहरात गरिबाला मिळणारे घर ही कोणाची मेहेरबानी नव्हे. त्यात तुमच्या आजाच्या कापसाचा रुपया आहे, तुमच्या गावाची गेलेली जमीन आहे, तुमच्या मुलाची गिरणीत व कारखान्यात झिजलेली हाडे आहेत. स्वतःच्या पैशाचा हिशेब मागावयास कोणी हात जोडीत नाही. तेव्हा मान ताठ ठेवून हिशेब मागा, कागद वाचा, जमीन राखा.